कानात ठाण मांडणारा जंतू

रिचर्ड फायफर 1897 साली मुंबईत आला, तो प्लेगच्या अभ्यासासाठी नेमलेल्या जर्मन आयोगातून. त्याआधी 1892मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या बेडक्यात त्याला एक बारीक दंडाकृती जंतू सापडला होता आणि फ्लू यानेच होतो, असं त्याने ठामपणे मांडलं होतं. 1918च्या फ्लूच्या साथीतही संशय याच जंतूवर होता. 1933मध्ये फ्लूचा विषाणू सापडला, तेव्हा कुठे हा आळ टळला. पण हा जंतू, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, निरुपद्रवी नाही. तो मुलांच्या नाकाघशात राहतो आणि सर्दी झाली की मधल्या कानात शिरतो.

तिथे तो टिकतो कसा, याचा एक धागा मुंबईतल्या परळला, प्लेगच्या संशोधनात सापडतो. 1899मध्ये प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. प्लेग कसा पसरतो हे शोधताना ग्लेन लिस्टन यांनी मुंबईत उंदरांवरच्या पिसवांचा माग काढला. 1914मध्ये लंडनला बेकट आणि मार्टिन यांनी पिसूच उघडून पाहिली: प्लेगचे जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी चिकटून वाट बुजवतात. उपाशी पिसू चावत सुटते आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत जातं. या चिकट थराला आज बायोफिल्म म्हणतात. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. जंतूचं विष सगळ्यांनी शोधलं, त्याची पकड इथे दिसली.

1955मध्ये स्कॉटलंडमध्ये ड्युगिड आणि सहकाऱ्यांनी जंतूंच्या अंगावरचे केसासारखे तंतू आणि त्यांचं चिकटणं यांचा संबंध दाखवला. हिमोफिलसकडेही असे तंतू आणि चिकट प्रथिनं असतात. लहान मुलांची नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत तिच्या आतलं अस्तर सुजतं, शेंबूड पुढे सरकवणारे सूक्ष्म केस थंडावतात. जंतू आधी शेंबडाला, मग दुखावलेल्या पेशींना धरतो आणि वर थर रचतो.

2006मध्ये अमेरिकी संशोधकांनी कानाच्या जुनाट आजाराच्या 26 मुलांच्या मधल्या कानाच्या अस्तराचे 50 तुकडे तपासले. 46 तुकड्यांवर बायोफिल्म होतं. थरातल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही.

तरीही परळ-लालबागच्या घरांतून वाहत्या कानात कोमट तेल घालायची सवय अजून आहे. ती सोडायलाच हवी. पडदा फाटलेला असेल तर तेल थेट आत जातं. कानाचे डॉक्टर आधी पू शोषून काढतात, कान कोरडा करतात आणि मगच औषधाचे थेंब घालतात.