आरेचे कुरण

वाचकहो, मुंबईतल्या झाडांच्या भांडणाशी आपल्या खेड्याचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. पण ही गोष्ट सुरू होते ती गुरांपासूनच.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास मुंबईत म्हशींचे गोठे भर वस्तीत होते. शेणाची घाण, माशा, रोगराई आणि वर दुधात पाणी! ह्यावर उपाय म्हणून १९४९ साली सरकारने गोरेगावजवळ आरे येथे दूध वसाहत उभारली. दारा खुरोडी ह्यांनी त्या कामी पुढाकार घेतला. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जमीन होती सुमारे ३,१६० एकर. गोठे आले, हिरवा चारा आला, झाडे वाढली. एका बाजूस विहार तलाव, पलीकडे मोठे राखीव रान. मिठी नदीचा उगमही ह्याच टापूतला.

ही जमीन ओसाड मात्र नव्हती. वारली आणि इतर आदिवासी बांधवांचे पाडे तेथे आधीपासून होते. भात, भाजीपाला पिकवून ती माणसे राहत होती. आजही तेथे असे सत्तावीस पाडे मोजतात.

पुढे काय झाले बघा. जमीन सरकारची, आणि दिसायला मोकळी. मग एकेक मागणी आली. राखीव पोलीस दलाला जागा हवी, दिली. १९७७ साली चित्रनगरी झाली. रस्ते रुंदावले. प्रत्येक काम लोकोपयोगी, आणि प्रत्येक मागणारा म्हणे, “मला थोडीच हवी.” तो खोटेही बोलत नव्हता. पण थोडी थोडी मिळून किती झाली, ही बेरीज कोणी मांडायची?

२०१४ नंतर ह्या बेरजेवरून वाद पेटला. भुयारी मेट्रोच्या गाड्यांसाठी आरेत कारशेड ठरली. जागा सुमारे ३३ हेक्टर. सरकारचे म्हणणे असे की, मेट्रोने रस्त्यावरच्या मोटारी घटतील, धूर कमी होईल. हे म्हणणे काही वावगे नव्हते. लोक म्हणत होते, मेट्रो हवीच, पण ती येथेच का? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीने हाहाकार केला, तो ते विसरले नव्हते. नदीकाठची माती पाणी पिते. सिमेंट पीत नाही.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. २०२० साली सुमारे आठशे एकर राखीव वन म्हणून ठेवण्याचा आणि कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला. २०२२ साली कारशेड पुन्हा आरेतच आली. २०२४ च्या ऑक्टोबरात मेट्रो धावू लागली.

मग लोक हरले का? कारशेडपुरते हरले, असेच म्हणावे लागेल. पण आठशे एकरांचा निर्णय त्यांच्या ओरडण्यावाचून झाला नसता. त्यांची चूक असेल तर एकच, आणि ती आपणां सर्वांचीच: हिशेब उशिरा मागितला. पहिला तुकडा गेला तेव्हाच विचारायला हवे होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावालाही गायरान असेल. मुलांना बरोबर घेऊन एकदा त्याचा सातबारा पाहा. जुन्या माणसांना विचारून नकाशा काढा: पूर्वी केवढे होते, कोणता तुकडा कशासाठी गेला, तेथे गुरे चारणाऱ्यांना कोणी विचारले होते का? शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी ही कामेही हवीतच. पण पुढचा मागणारा येईल तेव्हा बेरीज तयार असली, म्हणजे ग्रामसभेत नुसता आरडाओरडा होणार नाही, बोलणे होईल.