पहिली ते पाचवीत चित्रकला, संगीत, खेळ कोण शिकवतं? कायदा काय सांगतो?

प्रवेशाचे दिवस आले की खासगी शाळांच्या जाहिराती सुरू होतात. त्यात गणित-मराठीबद्दल फार काही नसतं. रोबोटिक्स, स्केटिंग, तबला, अबॅकस हे शब्द मात्र ठळक अक्षरांत असतात. नाशिक शहरात हे चित्र असताना याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर दोन शिक्षकी शाळा आहेत. तिथे दोघं मिळून सगळे वर्ग आणि सगळे विषय सांभाळतात.

मग चित्रकला, संगीत आणि खेळ ही ज्याला परवडेल त्याची चैन आहे की प्रत्येक मुलाचा हक्क? समजून घेऊया.

हे विषय अभ्यासक्रमात आहेत का?

हो. महाराष्ट्रात पहिलीपासून कलाशिक्षण, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे तीन विषय अभ्यासक्रमाचा भाग आहेत. कलेत फक्त चित्रकला नाही, तर शिल्प, गायन, वादन, नृत्य आणि नाट्यही येतं. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक याच तीन विषयांसाठी आहे.

कल्पना जुनी आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यालाच पुढे 'नई तालीम' म्हटलं गेलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाला शालेय शिक्षणात जागा देण्याची शिफारस केली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको.

वेगळे शिक्षक कधी मिळतात?

खरी मेख इथे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. किती मुलांमागे किती शिक्षक हवेत, हे त्याच्या परिशिष्टात दिलं आहे.

• पहिली ते पाचवी: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांसाठी ३, ९१ ते १२० मुलांसाठी ४. कला किंवा क्रीडा शिक्षकाचा वेगळा उल्लेख नाही.

• सहावी ते आठवी: पटसंख्या १०० पेक्षा जास्त असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत.

म्हणजे विषय सक्तीचा, पण त्याचा खास शिक्षक सक्तीचा नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत ५५ मुलं असतील, तर दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळत गाणं, चित्र, कवायत सगळं शिकवायचं. सहावी ते आठवीतही पट ९५ असेल, तर निदेशकाची अट लागू होत नाही. लहान गावांतल्या बहुतेक शाळांचा पट कमीच असतो.

वर्गशिक्षकांनीच शिकवलं तर बिघडलं काय?

लहान वयात काहीच बिघडत नाही. उलट मुलांना ओळखणारे गुरुजी किंवा बाई पाढे चालीवर म्हणून घेतात, परिसर अभ्यासाला चित्रं जोडतात. पण त्यासाठी त्यांना प्रशिक्षण, साहित्य आणि वेळ लागतो. परीक्षा जवळ आली की सर्वात आधी पीटीचा तास गणिताला जातो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय.

या तीन विषयांना संकलित म्हणजे सत्राअखेरची लेखी परीक्षा नसते. वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनावर श्रेणी ठरते. त्यामुळे प्रगतिपुस्तकात 'अ' दिसला, तरी तास किती झाले हे कळत नाही.

नाशिक जिल्ह्यातलीच दोन उदाहरणं

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषद शाळा तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. शिक्षक केशव गावित यांची ही शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालते आणि तिथली मुलं एकाच वेळी दोन्ही हातांनी लिहितात. छोट्या पाड्यावरही वर्गाबाहेरची कौशल्यं रुजू शकतात, हे तिने दाखवलं. पण हे एका शिक्षकाच्या जिद्दीवर उभं आहे. अशी जिद्द नेमणुकीच्या आदेशात लिहून देता येत नाही.

दुसरं उदाहरण 'सावरपाडा एक्सप्रेस' कविता राऊतचं. तिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. तिने धावणं निवडलं, कारण अनवाणीही पळता येतं, महागडं साहित्य लागत नाही. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी तिला घडवलं. गुण पाड्यावरच होता, घडवणारा प्रशिक्षक मात्र शहरात भेटला.

खासगी शाळेत २५ टक्क्यांतून प्रवेश असेल तर?

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के कोट्यातून प्रवेश मिळालेल्या मुलांना वेगळं बसवता येत नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय यांच्याप्रमाणेच अभ्यासेतर उपक्रम आणि खेळ यांतही भेदभाव करायचा नाही. वर्ग संगीताला गेला आणि तुमचं मूल मागे बसलं, तर ते नियमात बसत नाही.

इतर पालकांसाठी राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो.

पालक काय करू शकतात?

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि सरकारी शाळांत शाळा विकास आराखडा तीच तयार करते. तिथे हे प्रश्न विचारा:

१. वेळापत्रकात कला, कार्यानुभव, खेळाचे तास किती आणि प्रत्यक्षात होतात किती?
२. खेळाचं साहित्य आहे का? कायद्यानुसार ते प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे मिळायला हवं.
३. सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल, तर निदेशक आहेत का?
४. पहिली ते आठवीसाठी २०२४ मध्ये राज्याने आणलेला 'आनंददायी शनिवार' आपल्या शाळेत कसा साजरा होतो?

गावातला ढोलकी वाजवणारा, मातीकाम करणारा किंवा वारली चित्रं काढणारा माणूस महिन्यातून एकदा वर्गात येऊ शकतो का, हेही समितीत मांडता येतं. त्याने शिक्षकाची कमतरता भरून निघणार नाही. पण आज पहिलीत असलेलं मूल पद भरण्याची वाट बघत पाचवी ओलांडून जातं. त्याला ढोलकी या वर्षीच हातात मिळायला हवी.