दुपारचे विणकाम-वर्ग : स्त्रियांच्या सोबतीचा एक इतिहास

शतायुषी संस्थेच्या स्मरणग्रंथात संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि कार्यकर्त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण केले जाते. ते उचितच आहे. परंतु ग्रंथालय म्हणजे केवळ कपाटे, ग्रंथ आणि कार्यकारिणी नव्हे. वाचनाची आवड ज्या घरांत रुजली, त्या घरांचाही इतिहास ग्रंथालयाच्या इतिहासात मिसळलेला असतो. आज ग्रंथालयाच्या वाचकवर्गात स्त्रियांची संख्या मोठी असते, याचे कोणाला नवल वाटत नाही. पण आपल्या पणज्या-आज्या वाचनालयाची पायरी एकाएकी चढल्या नाहीत. घराबाहेर पडण्याची, नात्यागोत्यापलीकडच्या बायकांत बसण्याची, दिवसाचा एक तास स्वतःचा म्हणून राखण्याची सवय आधी कुठेतरी लागावी लागते. ही सवय ज्या ठिकाणी लागली, त्यांत शिवण-विणकामाच्या वर्गांचे स्थान मोठे आहे. या वर्गांबद्दल संस्थांच्या अहवालांत फार तर एखादी ओळ असते. त्या ओळीमागे काय दडलेले आहे, हे थोडे उलगडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्त्रियांनी एकत्र जमण्याचे प्रसंग आपल्याकडे पूर्वी नव्हते असे नाही. चैत्रातले हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर, डोहाळजेवण, बारसे या निमित्तांनी बायका जमत, गात, फुगड्या खेळत. त्या जमण्यात आनंद होता. पण त्याला एक अट होती. तिथे येणारी सुवासिनी असावी लागे. पतीच्या निधनाबरोबर हळदीकुंकवाचे आमंत्रण थांबे, आणि ज्या वेळी सोबतीची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच वेळी सोबतीचे दार बंद होई. देवळातले कीर्तन-पुराण तेवढे विधवेला मोकळे होते. पण तिथे ऐकायचे असते, बोलायचे नसते. शिवाय या साऱ्या मेळ्यांना जातीची आणि आळीची चौकट होती. सणवाराच्या निमित्ताने नव्हे, तर काही काम शिकण्यासाठी स्त्रियांनी एकत्र बसावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात नवी होती.

हातमागावरचे विणकाम आपल्याकडे पिढीजात आहे. साळी-कोष्टी समाजाने ते शतकानुशतके सांभाळले. दोन सुयांवर लोकर विणण्याची कला मात्र युरोपीय आणि मिशनरी स्त्रियांबरोबर आपल्या भागात आली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि मुलींच्या शाळांच्या कामात त्यांनी आयुष्य वेचले. अशा मिशनरी शाळांतून लेखन-वाचनाच्या जोडीला सुईकाम शिकवले जाई. पुढे ते अन्य कन्याशाळांतही आले. आपल्या उष्ण प्रदेशात लोकरीचे कपडे बारमाही लागत नाहीत. तरीही ही परकी कला आपल्या घरांत रुजली, कारण तिला बाळंतविड्यात जागा मिळाली. कुंची, टोपडे, पायमोजे, दुपटे ही जुन्या बाळंतविड्यातली मंडळी. ती लोकरीत विणली जाऊ लागली आणि सासूबाईंनाही त्यात गैर दिसेना. नातवासाठी टोपडे विणणाऱ्या सुनेला कोण काय म्हणणार!

हे ‘कोण काय म्हणणार’ फार महत्त्वाचे आहे. श्रीमती रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात स्वतःच्या शिक्षणाची हकीकत सांगितली आहे. न्यायमूर्तींसारखा पती पाठीशी असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांना सोसावा लागला. वाचणारी सून ही त्या काळी साऱ्या घराच्या टीकेचा विषय होती. ज्यांनी हे सोसले त्यांना बाईने घराबाहेर पडायचे तर घरच्यांना पटेल असे कारण हवे, हे निराळे सांगावे लागले नसेल. मुंबईस त्यांनी हिंदू लेडीज सोशल क्लब स्थापन केला, तेव्हा त्यात भाषा आणि सामान्यज्ञानाबरोबर शिवण व हस्तकामाचेही वर्ग चालवले. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले, ते त्यांच्याच वाड्यात. श्री. गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्या कामाचा भार उचलला. शाळेत जाण्याचे वय उलटून गेलेल्या प्रौढ स्त्रिया तिथे लिहा-वाचायला, शिवायला, पुढे रुग्णशुश्रूषा शिकायला येऊ लागल्या.

हस्तकामाच्या शिक्षणामागचा उघड हेतू उपजीविकेचा होता. निराधार स्त्रीच्या हाताला काम मिळावे, तिला दिराजावेच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, असा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला, त्या साऱ्यांच्या मुळाशी स्त्रीच्या स्वावलंबनाची हीच तळमळ होती. पण त्या उघड हेतूबरोबर आणखी एक गोष्ट घडत गेली. वर्गाच्या सतरंजीवर सुवासिनी आणि विधवा शेजारी शेजारी बसल्या. येण्याचे कारण काम हे होते. कुंकू हे नव्हते. जिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नव्हते, तिला सुईत दोरा कसा ओवावा हे विचारायला चार जणी येऊ लागल्या, कारण तिचा हात चांगला होता.

हा बदल सहज झाला नाही. सेवासदनाच्या एका समारंभाची आठवण सांगितली जाते. केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाईंनी उभे राहून त्या शिकलेल्या तरुणांची कडक शब्दांत हजेरी घेतली. आलवणातली बाई आळीतल्या घरात रोज दिसत होती, तेव्हा कोणाला हसू येत नव्हते. ती गुणवंत म्हणून सर्वांसमोर आली तेव्हा आले. यावरून या वर्गांत येऊन बसणे म्हणजे त्या स्त्रियांच्या दृष्टीने केवढे धाडस होते, याची कल्पना येईल.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सुईकाम हे स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांना जसे प्रिय होते, तसे विरोधकांनाही. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाल्यावर ‘मराठा’ पत्राने त्याच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली. मुलींना इंग्रजीपेक्षा मातृभाषा, नीती आणि शिवणकाम यांचे शिक्षण अधिक योग्य, असा तिचा रोख होता. म्हणजे एकाच सुईने काहींना स्त्रीच्या पायातला दोरा पक्का करायचा होता आणि काहींना तो उसवायचा होता. शिवाय या वर्गांचा लाभ बव्हंशी पांढरपेशा घरांतल्या स्त्रियांनाच झाला. ज्या स्त्रीची दुपार शेतात किंवा गिरणीत जात होती, तिला तो मिळाला नाही. या मर्यादा मान्य करूनही म्हणावे लागते की, बंदिस्तपणासाठी दिलेल्या साधनातून स्त्रियांनी बाहेरची वाट काढली. त्यांनी वादविवाद केला नाही. त्या दुपारी दोन वाजता पिशवी घेऊन निघाल्या, इतकेच.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला या विषयात विशेष जिव्हाळा वाटावा, असे उदाहरण बडोद्याचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो मुलींसह साऱ्या संस्थानाला लागू केला. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांची योजना आखली. महाराणी चिमणाबाईसाहेब यांनी १९११ साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशांतल्या स्त्रियांचे उद्योग पाहून आपल्याकडे काय करता येईल, याचा विचार त्यात आहे. १९१४ साली बडोद्यात त्यांच्या नावाचे स्त्री-उद्योगालय स्थापन झाले. पुढे १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. ग्रंथालय आणि उद्योगालय या दोन्ही गोष्टी एकाच नगरीत चार वर्षांच्या अंतराने उभ्या राहिल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

संस्थानी नोकरीच्या निमित्ताने बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतल्या सुनांचे माहेर पुण्याकडे, साताऱ्याकडे, कोकणात असे. प्रवास लांबचा, पत्रे विरळ. शेजारची भाषा निराळी. अशा परमुलखात आलेल्या मुलीला वर्गातली मैत्रीण ही दुसरे माहेर होती. तिथे मराठी बाईला गुजराती शेजारीण भेटली. सुयांवरच्या विणकामाला गुजरातीत ‘गूंथण’ म्हणतात. आपले गुंफणे आणि त्यांचे गूंथण यांतले साम्य जिला ऐकूनच कळले, तिला भाषेची भीती फार दिवस वाटली नसणार. घरी ती सूनबाई, वहिनी किंवा अमक्याची आई असे. वर्गाच्या हजेरीपटावर मात्र तिचे स्वतःचे नाव लिहिलेले असे आणि ते मोठ्याने पुकारले जाई.

विणकामाची घडणच अशी आहे की ते सोबतीला बोलावते. पूर्वी लोकर लडींच्या रूपात मिळे. लडीचा गुंडा करायचा तर दोघी लागत. एकीने दोन्ही हात पुढे करून त्यांवर लड धरायची, दुसरीने गुंडाळत जायचे. तेवढा वेळ समोरासमोर बसणे भागच असे. पुढे विणायला बसले की हात आणि नजर कामात राहतात आणि कान मोकळे राहतात. जी गोष्ट कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता येत नाही, ती सुलट-उलट टाके मोजताना सहज सांगून होते. टाका सुटला तर शेजारीण काहीही न बोलता विणकाम हातात घेई आणि खालच्या चार ओळींतून तो वर उचलून देई. कोणाच्या घरी बाळंतपण असले की बाळंतविडा पाच जणींत वाटला जाई. कोणावर आपत्ती आली की तिच्या वाट्याचे काम इतर जणी पुरे करीत. वर्गाच्या ओळखीतून भिशी सुरू होई आणि अडीनडीला तीच उपयोगी पडे. जुना स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वजन टांगून सरळ करून पुन्हा विणण्याची जी काटकसर होती, तिच्यात एक शिकवणही होती. चुकलेले उसवता येते आणि धागा वाया जात नाही, ही ती शिकवण.

या वर्गांचा ग्रंथालयाशी संबंध इथेच जोडला जातो. नमुना वाचता यायला अंक आणि अक्षरे यावी लागतात. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले. अशी मासिके विणकाम-भरतकामाच्या पानांसाठी घरी आली आणि मग त्यांतल्या कथा व लेखही वाचले गेले. माझ्या आईची एक वही माझ्यापाशी आहे. पुढच्या पानांवर वाण्याचा हिशोब आहे. मागून उघडली तर टाक्यांचे आकडे आहेत, आणि त्याच पानांच्या समासात वाचनालयातून आणायच्या पुस्तकांचे क्रमांक, काहींपुढे ज्या मैत्रिणीने पुस्तक सुचवले तिच्या नावाचे आद्याक्षर. कोणत्या स्वेटरच्या वेळी कोणती कादंबरी चालू होती, हे त्या वहीवरून सांगता येते. स्त्रियांच्या वाचनाचा इतिहास लिहायचा तर याहून विश्वसनीय साधन कोणते असेल?

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचे आक्रमण झाले, तेव्हा या घरगुती कलेला एकाएकी राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला. हिमालयाच्या थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभर स्त्रियांनी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. आईच्या वहीत त्या दिवसांतली पाने आहेत. त्यांवर नातवंडांच्या छातीचे माप नाही. अनोळखी तरुणाच्या अंगाला येईल असे मोठे माप आहे. महिनाभरात युद्धविराम झाला. पण घराघरांतली सवय एका हाकेसरशी संघटित होऊ शकली, याचे कारण जमून काम करण्याची घडी बायकांना आधीच बसली होती.

पुढे यंत्रावर विणलेले स्वेटर स्वस्त झाले, स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या, दुपारी रिकाम्या राहिल्या नाहीत. वर्ग ओस पडले. याबद्दल खेद करण्याचे कारण नाही; बाहेर पडण्यासाठी स्त्रीला आज टोपड्याचे निमित्त सांगावे लागत नाही, हे त्या वर्गांचेच यश आहे. मात्र निमित्त संपले तरी सोबतीची गरज संपलेली नाही. निवृत्त झालेल्या, एकट्या पडलेल्या, मुले परदेशी गेलेल्या किती जणी आज आपल्या वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचून झाल्यावरही बसून राहतात, हे येथे रोज येणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी एक दुपार आणि एक खोली राखून ठेवावी, अशी शताब्दीच्या निमित्ताने संस्थेला विनंती आहे. आणि सभासद भगिनींना दुसरी विनंती अशी की, घरातल्या जुन्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा मागून उघडून पाहाव्यात. टाक्यांचे आकडे आढळले तर ती वही ग्रंथालयाकडे द्यावी. आमच्या आईची वही या लेखाबरोबर मी संस्थेच्या स्वाधीन करीत आहे.