धान्य होते, तरी उपासमार झाली

मराठी माणसाला दुष्काळ म्हटले की भेगाळलेली जमीन आणि कोरड्या विहिरी आठवतात. बांगलादेशातील १९७४ चा दुष्काळ मात्र पुराबरोबर आला. त्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेच्या पुराने ‘औस’ भाताची नासाडी केली आणि ‘आमन’ या मुख्य पिकाची लावणीही अनेक ठिकाणी बुडाली. सप्टेंबरअखेर शेख मुजीबूर रहमान यांच्या सरकारला दुष्काळ जाहीर करून लंगरखाने उघडावे लागले. त्यांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली. मृतांचा सरकारी आकडा २६ हजार. अन्य अंदाज त्याच्या कित्येक पटींनी मोठे आहेत.

त्या वर्षी देशात धान्य मात्र कमी नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवून दिले, की १९७४ मधील दरडोई उपलब्धता आगेमागेच्या वर्षांहून अधिकच होती. बुडालेले आमन पीक तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हाती यायचे होते; माणसे त्याआधीच मेली. पुरामुळे शेतमजुराचे काम गेले. त्याच सुमारास, पुढे टंचाई होणार या धास्तीने तांदळाचे भाव भडकले. दिवसभराच्या मजुरीत मिळणारा तांदूळ असा दोन्ही बाजूंनी आटला. रंगपूर, मैमनसिंग आणि सिल्हेट या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. वस्तुतः दरडोई धान्याच्या बाबतीत ते तुलनेने बरे जिल्हे होते.

या नैसर्गिक आघाताला आर्थिक आघाताची जोड मिळाली. १९७३ मध्ये तेल महागले, धान्याचे जागतिक भावही चढले. नवजात देशाच्या तिजोरीत परकीय चलन नव्हते, उधारी मिळेना, परिणामी ठरलेले खरेदीचे सौदे रद्द झाले. त्यातच बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने अन्नमदत रोखली. निर्यात थांबविल्यानंतर ती सुरू झाली खरी, पण ऐन गरजेचे महिने उलटून गेले होते. पोत्यांच्या एका सौद्यापायी एवढी कठोरता दाखवावी, हे आजही अनाकलनीय वाटते.

याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, महाराष्ट्रात पिके खरोखरच बुडाली होती. तरीही येथे मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यांच्या हाती मजुरी होती आणि तिच्या ओढीने धान्यही आले. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा याच अनुभवातून घडला.

बांगलादेशही पुढे सावरला. १९९८ च्या पुरात दोन तृतीयांश देश पाण्याखाली गेला, परंतु व्यापाऱ्यांनी भारतातून तांदूळ आणला आणि दुष्काळ टळला. या मार्गाची मर्यादा २००७ मध्ये उघड झाली. भारताने ऑक्टोबरमध्ये बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि नोव्हेंबरमध्ये ‘सिद्र’ चक्रीवादळ धडकले. पुढील वर्षी ढाक्यात स्वस्त तांदळासाठी रांगा लागल्या. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात पुन्हा थांबविली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत. देशातील भाव आवरण्यासाठी हा निर्णय होता. त्याची किंमत तांदूळ आयात करणाऱ्या गरीब देशांतील ग्राहकाने मोजली.