वेध आणि वजन

दिल्लीच्या संसद मार्गावरील जंतरमंतरात शिरले, की दृष्टी प्रथम जाते ती सम्राट यंत्राकडे. सुमारे ७० फूट उंचीचे हे शंकुयंत्र सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास उभारले. येथील यंत्रांवरून ग्रह आकाशात कोठे आहे, हे काटेकोरपणे सांगता येई. तो कशाचा बनला आहे, हे मात्र सांगता येत नसे. नुसत्या डोळ्यांना मंगळ काय आणि गुरू काय, दोन्ही तेजाचे ठिपकेच.

जयसिंह केवळ दगडचुन्यावर विसंबून नव्हता. ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथात दुर्बिणीतून दिसलेल्या गोष्टींची नोंद आहे. बुध-शुक्रांना चंद्राप्रमाणे कला आहेत, शनी लंबगोल दिसतो आणि गुरूभोवती चार तेजस्वी तारे फिरतात. हे तारे म्हणजे १६१० साली गॅलिलिओने पाहिलेले गुरूचे उपग्रह होत.

ग्रहांच्या जातिभेदाची किल्ली नेमकी येथेच होती. उपग्रह किती अंतरावरून, किती काळात फेरी पुरी करतो हे कळले, की त्याला खेचणाऱ्या ग्रहाचे वजन काढता येते. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या १७२६ च्या आवृत्तीत गुरूची घनता पृथ्वीच्या चौथाईहूनही किंचित कमी भरली. आजच्या मापाने पृथ्वी पाण्याच्या साडेपाच पट घन आहे, गुरू १.३ पट, शनी तर पाण्याहूनही विरळ. गुरूच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतील, पण त्याचे वजन अवघे ३१८ पृथ्व्यांइतके. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे खडकाचे व धातूंचे गोळे. गुरू-शनी मुख्यतः हायड्रोजन व हेलियम वायूंचे. तेथे पाय टेकायला भूमीच नाही.

दिल्लीची वेधशाळा आणि न्यूटनची ती आवृत्ती यांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर! १७२७ मध्ये जयसिंहाने पाद्री फिगेरेदो यांच्यासह एक मंडळ पोर्तुगालला धाडले. त्या मंडळाने ला हीर याची कोष्टके आणली. जयसिंहाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक आढळली. युरोपची चूक दाखविण्याइतका त्याचा वेध चोख होता. न्यूटनचे गणित मात्र त्याच्या ग्रंथांत उतरलेले दिसत नाही.

याबद्दल जयसिंहाला बोल लावणे अन्यायाचे होईल. पंचांग व ग्रहणे यांसाठी त्याला ग्रहांची स्थाने हवी होती. म्हणून त्याने कोष्टके मागविली आणि कोष्टकेच आली. ‘ग्रह कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्याने उत्तम दिले. ‘ग्रह किती जड आहे?’ हा प्रश्न त्या चार ताऱ्यांकडे पाहूनही दिल्लीत कोणी विचारला नाही.