निविदा उघडी, मोजमाप बंद: बेंगळुरूच्या सार्वजनिक कामांचा इतिहास

स्थापत्य शाखेतून बाहेर पडल्यावर तुमच्यापैकी काही जण नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता होतील, तर काही जण ठेकेदाराकडे साइट सांभाळतील. दोघांच्याही हातात लवकरच एकच वही येईल. ती म्हणजे मोजमाप पुस्तक, बोलीभाषेत एम.बी. किती खोदले, किती काँक्रीट पडले हे तिच्यात लिहून सही झाल्याशिवाय बिल निघत नाही. आपल्या अभ्यासक्रमात तिला जेमतेम अर्धे पान मिळते. सार्वजनिक पैशाचे बरेचसे भवितव्य मात्र तिच्यात ठरते.

बेंगळुरूत 1862 मध्ये दोन नगरपालिका सुरू झाल्या, एक जुन्या पेठेची आणि दुसरी छावणीची. 1949 मध्ये दोन्ही मिळून महानगरपालिका झाली. या सगळ्या काळात कामे ठेकेदारांकडूनच होत. निविदेचे नियमही होते, पण ते खात्याच्या संहितेत आणि परिपत्रकांत असत. नियम मोडला तर फार तर खातेनिहाय चौकशी होई. डावलल्या गेलेल्या ठेकेदाराने दाद मागायची तर कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि लहान ठेकेदाराला ते परवडत नसे.

त्या काळचा एक साधा तपशील लक्षात घ्या. निविदेचा कोरा फॉर्म कचेरीच्या खिडकीवर विकत घ्यावा लागे. म्हणजे कोण भाव भरणार आहे, हे भाव भरण्याआधीच सर्वांना कळे. मग आपसात ठरवून एकाने कमी आणि बाकीच्यांनी जास्त दर भरायचा. याला आपल्याकडे ‘रिंग करणे’ म्हणतात. हा शब्द तुम्हाला पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, पण कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारा.

निविदेसाठी स्वतंत्र कायदा प्रथम तमिळनाडूने 1998 मध्ये केला. पाठोपाठ कर्नाटकाने सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा केला. तो 1999 चा कायदा म्हणून ओळखला जातो आणि 2000 पासून अमलात आहे. त्याची पकड सरकारी खात्यांपुरती नाही, ती थेट नगरपालिकांपर्यंत जाते. जिल्हावार निविदा पत्रिका निघू लागल्या. 2000 च्या नियमांनी 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कामाला निविदा भरण्यासाठी किमान 30 दिवस आणि त्यावरच्या कामाला 60 दिवस ठेवले. मुदत कमी करायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचे. नाकारलेल्या निविदाकाराला अपिलाचा हक्क मिळाला. माझ्या मते या सर्वांत मोलाची तरतूद लेखी कारणाची आहे. तोंडी दिलेल्या आदेशाला तारीख नसते आणि तो देणाऱ्याचे नावही कुठे उरत नाही.

कायद्याला दारेही होती. ठरावीक रकमेखालच्या कामाला निविदेतून सूट आहे. समजा, 900 मीटरचे गटार आहे. त्याची 300 मीटरची तीन कामे दाखवली की तिन्ही मर्यादेखाली बसतात. ‘कामाचे तुकडे पाडणे’ असे याचे सरळ नाव आहे, आणि लहान नगरपालिकेत ते सहज खपते, कारण तिथली बहुतेक कामे मुळातच छोटी असतात. दुसरे दार कलम 4(ग) चे. त्याखाली सरकार अधिसूचना काढून एखादे काम कायद्यातून वगळू शकते. सरकारी मालकीच्या कर्नाटक ग्रामीण पायाभूत सुविधा विकास कंपनीला याच वाटेने अनेक कामे निविदेविना मिळाली. तातडीची गरज असते हे मान्य, पण अपवाद नेहमीचा झाला की मग तो अपवाद कसला?

याच सुमारास शहरात नागरिकांनीही हिशेब मागायला सुरुवात केली. 2002 मध्ये जनाग्रह, पब्लिक अफेअर्स सेंटर आणि आणखी दोन संस्थांनी मिळून ‘प्रूफ’ नावाची मोहीम चालवली. महानगरपालिकेने दर तिमाहीचे जमाखर्च जाहीर करावेत आणि त्यांवर लोकांसमोर चर्चा व्हावी, हा तिचा आग्रह होता. पुढे इ-निविदा आली आणि फॉर्मची ती खिडकीच बंद झाली.

2007 मध्ये यलहंका, बोम्मनहळ्ळी, महादेवपुरा, कृष्णराजपुरम यांसारख्या सात नगरपालिका, केंगेरीची छोटी नगरपालिका आणि 110 गावे शहरात विलीन झाली. क्षेत्रफळ सुमारे 226 चौरस किलोमीटरवरून 700 च्या पुढे गेले. नगरपालिका छोटी असताना गटार अर्धवट राहिले तर लोक थेट नगरसेवकाच्या दारात जात. आता फाइल दूरच्या मुख्यालयात गेली. शिवाय 2010 च्या निवडणुकीपर्यंत निवडून आलेले सभागृहच नव्हते. सप्टेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुन्हा तीच स्थिती आली, आणि 2025 मध्ये पाच महानगरपालिका झाल्या तेव्हाही कारभार प्रशासकांच्याच हाती होता. अशा वेळी कामाला मंजुरी देणारा आणि त्यावर प्रश्न विचारणारा, दोघेही अधिकारीच असतात.

2011 मध्ये पालिकेच्याच तांत्रिक दक्षता कक्षाने मल्लेश्वरम, गांधीनगर आणि राजराजेश्वरीनगर भागांतील कामांच्या बिलांवर गंभीर आक्षेप घेतले, आणि तपास सीआयडीकडे गेला. तेव्हा पारदर्शकतेचा कायदा अमलात येऊन दहा वर्षे झाली होती आणि इ-निविदाही आली होती. पण त्या कायद्याचा सगळा भर काम कोणाला द्यायचे यावर आहे. दिलेले काम झाले का, किती झाले, हे मोजमाप पुस्तकात लिहिले जाते, आणि ती वही उपविभागाच्या कपाटात असते. निविदेचा आकडा संगणकावर सगळ्यांना दिसतो. मोजमाप मात्र लिहिणारा, तपासणारा आणि ठेकेदार यांच्यापलीकडे क्वचितच कोणी पाहतो.

इथे तुमच्या उपयोगाची एक तरतूद आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ या व्याख्येत कागदांच्या प्रती तर येतातच, शिवाय कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. स्वाध्याय म्हणून तुमच्या गावातील नगरपालिकेचे गेल्या वर्षीचे एक छोटे काम निवडा. अंदाजपत्रक, परिमाण पत्रक आणि मोजमाप पुस्तकाच्या त्या पानांच्या प्रती मागवा. नंतर टेप घेऊन जागेवर जा, आणि लांबी, रुंदी, जाडी हे तीन आकडे स्वतः मोजून शेजारच्या रकान्यात लिहा.