गंजलेल्या बोल्टाची साक्ष

कोकणातल्या एका मित्राच्या घरामागे, खोपीत, एक जीप तीस-पस्तीस वर्षे उभी होती. टायर मातीत रुतलेले, आसनांच्या जागी नुसते सांगाडे. आजोबांनी ती लष्करी लिलावात घेतली आणि ती ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेली आहे, असे घरात सांगत. कागदपत्रे कधीच नाहीशी झाली होती. गाडी पुन्हा चालती करायचे ठरले तेव्हा मित्राने मलाही बोलावले.

मेस्त्रींनी पुढच्या बंपरचा पहिला बोल्ट फिरवून पाहिला. तो तसूभरही हलेना. "साहेब, ग्राइंडर लावतो. कापून टाकू, नवा बोल्ट बाजारात मिळतो," ते म्हणाले. त्यांचे चुकले नव्हते. रोजच्या कामात हाच शहाणपणा असतो. पण तारेच्या ब्रशने बोल्टचे डोके घासल्यावर गंजाच्या पापुद्र्याखाली वळणदार रोमन 'एफ' उमटलेला दिसला. "मेस्त्री, जरा थांबा," मी म्हणालो.

हे एक अक्षर समजण्यासाठी १९४० सालापर्यंत मागे जावे लागते. अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना गती मिळणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. पुढे मोठे कंत्राट विलिज-ओव्हरलँड कंपनीला मिळाले. मात्र एका कारखान्याने गरज भागेना, म्हणून १९४१च्या अखेरीस फोर्डलाही विलिजच्याच आराखड्यावर गाड्या बनवण्याचे काम देण्यात आले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे, अशी लष्कराची अट होती. त्यामुळे दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच दिसतात. फोर्डने मात्र आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, आपले 'एफ' हे आद्याक्षर उमटवले.

भारतात जीप दोन वाटांनी आल्या. युद्धकाळात आलेल्या गाड्या पुढे 'डिस्पोजल'च्या मालात विकल्या गेल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिजचे सुटे भाग आणून नागरी जीप जोडायला सुरुवात केली. म्हणजे ही गाडी कोणत्या वाटेने आली, याचे उत्तर ग्राइंडरच्या पात्यासमोरच्या त्या बोल्टात होते. अर्थात एका बोल्टाने काही सिद्ध होत नाही. लष्करी कार्यशाळांत भागांची सर्रास अदलाबदल होई. म्हणून सगळेच बोल्ट हवेत, आणि कोणता कुठून निघाला याची नोंद हवी.

मग प्रश्न उरतो सोडवण्याचा. बोल्ट अडकतो का? पाणी आणि प्राणवायू मिळाले की लोखंडाचा गंज होतो. कोकणातली खारी हवा हे काम आणखी लवकर करते. हा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, कधी पाच-सहापट जागा घेतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढीच फट असते. गंज तिथे फुगला की पाचर ठोकल्यासारखे होते. अशा वेळी नुसता जोर लावला तर बोल्ट सुटत नाही, तुटतो.

दुसरा घोळ पान्यांचा. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन मांडला. युद्धात दोन्ही देशांची यंत्रे एकत्र आली आणि या फरकाचा इतका जाच झाला, की १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक समान प्रमाण ठरवले. आपल्याकडे १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली. त्यामुळे गॅरेजच्या पेटीत तिन्ही घराण्यांचे पाने नांदतात. अमेरिकी बोल्टला जवळपासच्या मापाचा पाना लावला की तो सटकतो आणि डोक्याचे कोपरे झिजतात. आमच्या जीपचे अनेक बोल्ट असेच गोल झालेले होते. त्या अर्थी कोणीतरी आधीही प्रयत्न केला होता.

चाकांजवळ मेस्त्री स्वतःच थबकले. युद्धकालीन जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तिथले नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात. हे ठाऊक नसलेला माणूस सोडवायला जातो आणि आवळून ठेवतो.

आम्ही तेलापासून सुरुवात केली. या कामासाठी सर्रास वापरला जाणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत तयार झाला, तो गंज सोडवण्यासाठी नव्हे, तर पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमले, म्हणून नावात चाळीस. फटीत झिरपणारे पातळ तेल लावून दिवसचे दिवस थांबणे, मधूनमधून डोक्यावर हलके ठोके देणे, हे त्याहून जुने उपाय. ठोक्याने ठिसूळ गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

त्यानेही न हलणाऱ्यांना उष्णता दिली, अर्थात पेट्रोलची टाकी उतरवून आणि तेल पुसून. दहा मिलिमीटर भोकाचा नट दोनशे अंशांनी तापला तर भोक मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे मोठे होते. एवढीशी वाढही गंजाची पकड मोडायला पुरते. गरम आट्यांना मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण आत ओढले जाते. मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. एकाच दिशेने रेटायचे नाही.

इंजिनही जाम होते. बिडाच्या सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमचे पिस्टन चिकटले होते. स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल ओतून आम्ही तीन आठवडे थांबलो. नंतर फ्लायव्हील हळूहळू मागेपुढे झुलवले, तेव्हा ते सुटले.

पावसाळ्यापूर्वी हाती घेतलेले काम दिवाळीपर्यंत चालले. चार बोल्ट तुटले. त्यांची डोकी आम्ही चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवली. शेवटी हिशेब मांडला. बंपर, काचेच्या चौकटीच्या बिजागऱ्या, गिअरबॉक्स, सगळीकडे 'एफ' होते. पुढच्या जाळीत नऊ फटी होत्या. नागरी जीपमध्ये सात असतात. चिखल खरवडल्यावर चॅसीचा पुढचा आडवा दांडा उलट्या यू-आकाराचा निघाला. विलिजच्या युद्धकालीन गाडीत तिथे गोल नळी असते. चॅसीचा क्रमांक गंजाने खाल्ला होता, पण आता तो नसला तरी चालणार होते. गाडी फोर्डची होती, युद्धकाळातली.

मित्राच्या आईंना हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे ब्रह्मदेशातून नाही आली?"

"तसं नाही, काकू. आली असेलही. त्याचा पुरावा गाडीत सापडला नाही, एवढंच."

"मामंजी लष्कराची म्हणायचे, ते तरी खरं निघालं," त्या म्हणाल्या आणि डब्यातला एक बोल्ट उचलून पदराने पुसू लागल्या.

मेस्त्रींनी ते सगळे बोल्ट साफ करून ज्याच्या त्याच्या जागी पुन्हा बसवले. बसवण्याआधी प्रत्येकाच्या आट्यांना वंगण लावले. पुढच्या वेळी जो कोणी उघडेल, त्याला ते सुटले पाहिजेत.